मी मागं वाजवतो

आमच्या ऑर्केस्ट्राचा एकही फोटो असा नाही की ज्यात दादा पूर्ण दिसतात. मी मुद्दाम शोधून पाहिलं आहे. कुठे गायिका ताईच्या कोपराआडून त्यांचं अर्धं कपाळ डोकावतंय, कुठे स्टेजवरच्या झेंडूच्या माळेने नाक झाकलंय, आणि एका फोटोत तर नुसती बेस गिटारची मान आणि तिच्यावर चार बोटं आहेत. बाकीचा माणूस स्पीकरच्या खोक्यामागे. त्याच फोटोत माझे मात्र सगळे दात दिसतात. गिटारवाला म्हटला की तो पुढे येतोच, त्याला कुणी बोलवावं लागत नाही.

अलिबाग आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही वाजवायचो. शनिवार-रविवारी नागावच्या एखाद्या रिसॉर्टच्या हिरवळीवर, आणि लग्नसराई लागली की हळदींना. स्वतःचं असं आमच्याकडे एकही गाणं नव्हतं. सगळी दुसऱ्यांची, लोकांना आधीपासून पाठ असलेली. त्यामुळे आमची चूक मांडवातल्या आजीबाईलासुद्धा कळायची. आम्ही पाच जण होतो: की-बोर्ड वाजवणारा लीडर, गाणारी ताई, ऑक्टोपॅडवाला, गिटारवर मी आणि सगळ्यांच्या मागे बेसवर दादा. माझं अलिबागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दादा थळच्या अलीकडच्या एका आगरी गावातले. आठवडाभर ते स्वतःच्या टेम्पोतून बर्फ आणि मासळी वाहायचे, आणि शनिवारी त्याच टेम्पोत आमची वाद्यं चढायची. टेम्पो ते घासून घासून धुवायचे, पण मासळी काही जागा सोडायची नाही. आम्ही स्टेजवर वाद्यं मांडली की मुंबईचे पाहुणे डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वा, काय समुद्राचा वास आहे." आम्ही वायरी जोडत राहायचो.

"तुम्ही काय वाजवता?" असं कुणी विचारलं तर दादा वाद्याचं नावच सांगायचे नाहीत. "मी मागं वाजवतो," एवढंच. त्यावर माणूस गिटारकडे निरखून बघायचा आणि हटकून विचारायचा, "चारच तारा? दोन तुटल्या काय?"

"तुटल्या न्हाय. घरी ठेवल्यात."

"का?"

"पावसात न्हाय काढीत."

मे महिन्यात हे उत्तर ऐकून माणूस मान डोलवत निघून जायचा. दादांच्या चेहऱ्यावर रेषही हलायची नाही. लोकांची चेष्टा करताना हसायचं नाही, त्यांना ती घरी नेऊ द्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

गाण्यांची नावं दादांना माहीत नसत. शब्द तर त्याहून नाहीत. ताई स्टेजवर वळून पुढचं गाणं सांगायची, तेव्हा दादा कोऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहायचे. मग लीडरने बोट वर करून "अहो, ते, दूं दुदूं दूं" असं तोंडाने वाजवून दाखवलं की दादांचा चेहरा उजळायचा. "व्हय, मग तसं सांग ना." प्रत्येक गाणं त्यांच्या लेखी असंच होतं. एकदा टेम्पोच्या रेडिओवर एक गाणं लागलं, हजार वेळा वाजवलेलं, आणि दादा म्हणाले, "ह्यात बाईचा नवरा गेलाय काय?" मी म्हटलं, "दादा, आपण हे प्रत्येक हळदीला वाजवतो." त्यांनी थोडा वेळ नीट ऐकलं आणि म्हणाले, "वाईट झालं. पण वाजवायला लय मजा येते."

त्यांची मुलगी सांगायची की लहानपणी बाबा तिला थोपटायला बसला की अंगाई म्हणून नुसतं दूं दूं करायचा. शब्द आई म्हणायची, बाबा खालून दूं दूं. पाच वर्षांची होईपर्यंत तिला वाटायचं, सगळ्यांच्या घरी अंगाई दोघं मिळूनच म्हणतात.

आता तारांचं सांगतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत बेसच्या जाड तारा लवकर मंदावतात, बोट लावलं की आवाज घोंगडीतून यावा तसा येतो. नव्या तारा मुंबईहून मागवाव्या लागतात. म्हणून जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकायच्या, मळ सुटतो आणि महिना-दोन महिने त्या पुन्हा खणखणीत बोलतात, हा बेसवाल्यांचा जगभरचा उद्योग आहे. दादा तो वहिनींच्या भाताच्या टोपात करायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेलो तर वहिनी चुलीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या. टोपाला उकळी आलेली, झाकण थडथडतंय.

"जेवायचं थांबा भावजी," त्या मला म्हणाल्या. "आज आमच्यात तारांचं कालवण हाय."

दादा शांतपणे पळीने तारा ढवळत होते. "मीठ न्हाय घालायचं," ते मला समजावून म्हणाले. "मिठानंच तर बिघडल्यात."

वहिनींना मी इतकी वर्षं पाहिलं, पण दादांबरोबर एखाद्या लग्नाला निघालेलं कधी पाहिलं नाही. पाहणार कसं? मुहूर्त सगळ्यांचे एकच. ज्या संध्याकाळी वहिनींच्या भाचीची हळद, त्याच संध्याकाळी रेवसच्या बाजूला कुणाच्या तरी पुतणीची हळद, आणि दादा तिथे. वहिनी अहेराची पिशवी घेऊन पोरीला हाताला धरून एकट्या जायच्या. कुणी "यजमान कुठे?" विचारलं की म्हणायच्या, "मांडवातच हायत. पण दुसऱ्याच्या." हे त्या हसत हसत सांगायच्या, पण पुष्कळदा सांगायच्या.

पोरगी मोठी झाली, अलिबागेत औषधांच्या दुकानात कामाला लागली, आणि तिचं लग्न जमलं. मुलगा रेवसकडचा, बोटीवर इंजिनाचं काम करणारा, सरळ. दोघांनी आपसात ठरवलंच होतं, राहिली होती ती तारीख. बोलणी करायला मुलाकडची माणसं यायची होती, आणि दादांनी मला आदल्या दिवशी फोन केला. "तू ये उद्या."

"मी कशाला दादा? तुमच्या घरचं काम."

"मना अशा बैठकीत बसायची सवय न्हाय. तू बाजूला बस."

म्हणून मी बसलो. ओटीवर सतरंज्या, मुलाचे वडील, दोन काका, आणि मुख्य म्हणजे मुलाचा मामा. मामांनी भरगच्च मिशा राखल्या होत्या आणि सगळं बोलणं तेच करत होते. बाजूला दादा मांडी घालून ताठ बसले होते. दार धरून वहिनी, आत मुलगी. चहा झाला, पोहे झाले. मामांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग वैशाखातली दुसरी तारीख धरू. भटजींनी पण तीच काढलीय. काय म्हणताव?"

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लीडरने आम्हा सगळ्यांना पढवून ठेवलं होतं की कुणी तारीख विचारली तर लगेच "मोकळी आहे" म्हणायचं नाही. मोकळा बँड म्हणजे पडीक बँड, असं लोकांना वाटतं. आधी कपाळाला आठी घालायची, वर बघायचं आणि म्हणायचं, ती तारीख जरा अडकलीय. गिऱ्हाइकाने फारच गळ घातली तर दुसरं वाक्य. इतक्या वर्षांत हे आमच्या हाडांत मुरलं होतं.

दादांनी कपाळाला आठी घातली. वर वाशांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "ती तारीख जरा अडकलीय. बघतो, सांगतो."

मामांची मिशी थोडी थरथरली.

"अडकलीय? कशात अडकलीय?"

मी दादांच्या मांडीला चिमटा काढला. पण गाडी उताराला लागली होती. दादा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "पयल्या पार्टीचं अजून नक्की न्हाय. त्यांनी नाय म्हटलं की तुमचीच."

मामा उठून उभे राहिले. "म्हणजे दुसऱ्या कुणाला पण शब्द दिलाय? आमाला चहा पाजून ठेवलाय, आणि आधी कोण दुसराच?"

मुलाचे वडील एका काकांकडे बघायला लागले, काका चपला शोधायला लागले. तेवढ्यात दारातून वहिनी पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट करून त्या दादांना म्हणाल्या, "अवो, पोरीचं लगीन हाय. प्रोग्राम न्हाय."

दादांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग मला सगळं सांगावं लागलं. बँड, लीडर, आठी, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. मामा आधी घुश्शात ऐकत होते. मग त्यांची मिशी हलायला लागली. शेवटी ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि जाताना त्यांनी दादांचे दोन्ही हात धरून विचारलं, "पक्की ना तारीख? का अजून पयली पार्टी हाय?" तारीख पक्की झाली.

माणसं गेल्यावर मुलगी बाहेर आली. ती हसत नव्हती. सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला बँड तुमचाच. पण तू वाजवायचं न्हाय. तू समोर बसायचं."

"समोर?"

"आईच्या बाजूला. खुर्चीवर. सगळ्या गावांच्या पोरींच्या हळदीला तू होतास, त्यांना नाचवलंस. मावशीच्या हळदीला आमी दोघीच. आत्याच्या हळदीला आमी दोघीच. माझ्यात तरी तू मांडवात पायजेस. एवढं एकच मागतंय मी."

दादांनी पोह्यांच्या रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या. मला वाटलं, त्यांचे डोळे भरलेत. मग त्यांनी विचारलं, "मग बेस कोण वाजवंल?"

मुलगी आईकडे वळली. "बघ. पयला हाच सवाल." आणि सतरंजी तिथेच टाकून आत गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. दादांनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी खाली बघत मान हलवली, आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं.

गिटार येते म्हणजे बेस येतो, असा माझा समज होता. दादा रोज दुपारी जेवणाच्या वेळेला दुकानात यायचे आणि तो समज थोडा थोडा काढायचे. "तू लय बोलतोस," ते म्हणायचे. म्हणजे माझी बोटं. "समोरच्या माणसाला पाय टाकायचाय. तू त्याच्या पायात कशाला येतोस? एक सूर दाब आणि थांब."

"किती वेळ?"

"कंटाळा येईपर्यंत. मग अजून थोडा."

मला कंटाळा यायचा. दादांना मात्र तो कधी आल्याचं मी पाहिलं नाही. एकाच सुरावर ते देवळातल्या समईसारखे स्थिर राहायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं की माझा मत्सर जागा व्हायचा.

पण त्यांची स्वतःची तयारी माझ्यापेक्षा अवघड होती. एक दिवस त्यांनी बाजूच्या चहावाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "समोर बसून काय करतात रे?"

"काय करतात म्हणजे? बघतात. हसतात. ओळखीचं कुणी आलं की 'बसा' म्हणतात. जेवतात."

"ते ठीक हाय. हातांचं काय करतात?"

"गुडघ्यावर ठेवतात," मी म्हटलं. दोन दिवसांनी बाजारात त्यांचा टेम्पो बर्फ उतरवण्यासाठी थांबला होता आणि दादा स्टिअरिंगमागे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले होते. मी हाक मारली नाही. म्हटलं, माणूस रियाज करतोय.

हळदीच्या दिवशी ऊन उतरतानाच मांडव भरला. मागच्या अंगणात मटण शिजत होतं, वडे तळले जात होते. दादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पहिल्या रांगेत वहिनींच्या बाजूला हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले होते. वहिनींनी हिरवी साडी नेसली होती आणि त्या येणाऱ्या प्रत्येक बाईला काही न विचारता सांगत होत्या, "हे आमचे. इकडं बसलेत." आम्ही वाद्यं जुळवत असताना मुलगी पिवळ्या साडीत स्टेजजवळ आली आणि मला खालच्या आवाजात म्हणाली, "काका, एक करा. बाबा माझ्याकडं बघतोय का तुमच्या बोटांकडं, तेवढं मना सांगा. मी तुमच्याकडं बघीन."

पहिलं गाणं संपलं आणि दादा उठून स्टेजपाशी आले. मला वाटलं, आता बेस मागतील. पण ते ताईशी बोलत होते.

"तू गाताना डोळे मिटतेस?"

"पहिल्यापासून मिटते, दादा."

"मना ठावं न्हवतं." मग लीडरकडे वळून म्हणाले, "तुझं टक्कल पुढनं दिसत न्हाय. मना वाटायचं, सगळ्यांना दिसतं." आणि परत जाऊन बसले. इतकी वर्षं ज्या माणसांबरोबर वाजवलं, त्यांचे चेहरे त्यांनी गाताना-वाजवताना त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिले.

मग हळद लागली. तेव्हा आमची वाद्यं बंद. आमच्याकडे हळदीची गाणी धवलारीण म्हणते, लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी म्हातारी बाई, आणि ती गात असताना तिच्या आवाजात दुसरा आवाज मिसळायचा नाही. वहिनींनी हळद लावली, मग दादांनी. तारांनी घट्टे पडलेली ती जाड बोटं पोरीच्या गालावर इतकी हळू फिरत होती की ती म्हणाली, "बाबा, लाव की नीट." तोपर्यंत सगळं छान होतं. दादा पूर्ण तिचे होते.

धवलारीण थांबली, आम्ही कोळीगीतं सुरू केली, बायका नाचायला उठल्या. मी पहिला सूर दाबला आणि दादांची मान माझ्याकडे वळली.

मी बघतच राहिलो. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. ओठ हलत होते, दूं दूं दूं. हात गुडघ्यांवर होते, पण उजवी दोन बोटं सदऱ्यावर चालत होती. वहिनी कानाशी काहीतरी बोलल्या, त्यांनी होकार भरला, मुलीकडे बघून हसले, आणि माझ्या पुढच्या सुराला मान पुन्हा इकडे. त्यांचा इलाज नव्हता. पाटावर बसलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला हवं होतं, पण मला जमलं नाही. मी नकारार्थी मान हलवली. तिने तोंड फिरवलं आणि मला फार वाईट वाटलं, इतकं की माझी बोटं चुकली. एकदा चुकली, आणि ते सावरताना पुन्हा चुकली.

दादा उभे राहिले. गर्दीतून वाट काढत सरळ स्टेजकडे निघाले. लीडरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला खुणेने सांगितलं, दे त्यांना. वहिनींनी साडीचा पदर उगाचच नीट केला. मुलगी खाली, आपल्या हळदीच्या हातांकडे बघत होती.

दादा माझ्या मागे आले. मी वाजवता वाजवता खांद्यावरचा पट्टा सैल केला. त्यांनी बेसला हात लावला नाही. ते खाली वाकले आणि अँप्लिफायरवरचं आवाजाचं बटण त्यांनी उलटं फिरवलं, पार शून्यापर्यंत. आवाज कमी करा म्हणून लीडर वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडला होता, रिसॉर्टवाल्यांनी हात जोडले होते, पण माझ्या देखत ते बटण त्यांनी कधी उलटं फिरवलं नव्हतं. बटणावर त्यांच्या बोटांची हळद लागली.

"वाजवत ऱ्हा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "फक्त मना ऐकू येऊ देऊ नको. ऐकू आलं की मी इकडंच बघतो."

आणि स्टेजवरून उतरले. ते थेट पाटापाशी गेले, मुलीला हाताला धरून उठवलं, दुसरा हात वहिनींच्या पुढे केला. वहिनी लाजल्या, "काय हे" म्हणाल्या, आणि उठल्या.

इकडे लीडरच्या लक्षात आलं की खालचा आवाज गेलाय. की-बोर्डवरून मान वळवून, डोळे वटारून तो माझ्यावर खेकसला, "बेस कुठाय?"

मी हनुवटीने समोर दाखवलं. तिथे बायको आणि लेकीच्या मधोमध दादा नाचत होते, आणि एकही पाय ठेक्यात पडत नव्हता.